ब्लॅक बेल्टनंतर काय? युद्धकलेतली तुमची लांब पल्ल्याची ध्येयं

पाऊलवाट :

गेल्या डिसेंबरात शोतोकान कराटेची शोदान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पहिल्या दानची (पायरीची) परीक्षा पास झाले. वय ४३. तिशी उलटल्यावर सुरुवात केली होती, त्यामुळे आनंद खूप झाला. पण त्यानंतर एक अडचण उभी राहिलीय, ती इथल्या जाणकारांपुढे मांडतेय.

आतापर्यंत समोर कायम पुढचा पट्टा असायचा. काही महिन्यांनी परीक्षा, त्यासाठी अमुक हेइआन काता (ठरलेल्या हालचालींची मालिका), तमुक किहॉन (मूलभूत हालचाली), कुमितेच्या (जोडीदाराशी लढतीच्या) ठरलेल्या फेऱ्या. काय करायचं ते सर सांगायचे. आता दुसऱ्या दानसाठी आमच्याकडे किमान दोन वर्षं थांबावं लागतं, आणि त्यापुढचं अंतर आणखी मोठं. आमच्या बॅचचे निम्मे लोक ब्लॅक बेल्टचा फोटो काढून जे गेले ते परत फिरकले नाहीत. घरीही विचारतात, "झालं ना आता? मग अजून रोज संध्याकाळी कशाला?"

माझं मत असं होत चाललंय की पट्टा हेच ध्येय धरलं की तो मिळाल्यावर शिकणं थांबतं. मला साठीतही सराव करायचा आहे. मग आज असं काय ठरवावं, जे वीस वर्षं पुरेल? स्पर्धा, तब्येत, स्वसंरक्षण, शिकवणं, एखादा काता नीट उमगणं, काहीही असो. कुस्ती, लाठी, ज्युदो, कलरी (केरळची युद्धकला), कुठलेही असाल तरी लिहा. स्वतःसाठी काय ठरवलंय आणि का, एवढं सांगा.

गवतीचहा :

मनापासून अभिनंदन! वाचतेय.

तांबडीमाती :

अभिनंदन ताई. आमच्या तालमीत पट्टा वगैरे भानगड नाही. वस्ताद काय म्हणतात आणि मैदानात पाठ लागली की नाही, एवढाच हिशेब.

मी शाळा सुटली तशी कोल्हापुरात तालमीत राहायला आलो. पहाटे उठून खोऱ्यानं हौदा उकरायचा, मग जोर-बैठका, मग लढत. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली लाल माती अंगाला लागली की थंडी पळायची. डोळ्यापुढं एकच, महाराष्ट्र केसरीची गदा. तालमीतल्या प्रत्येक पोराच्या डोळ्यापुढं तीच. ती वर्षाला एकालाच मिळायची. बाकीच्यांचं काय, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

खांदा गेला आणि ऐन उमेदीत लंगोट खुंटीला लागला. मेहनत थांबली, पण खुराक थांबेना. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, सगळं पहिल्यासारखंच. जोडीच्या कितीतरी पैलवानांना पस्तिशीच्या आत साखर लागली, गुडघे वजन पेलेनासे झाले. ज्या देहासाठी अख्खं तरुणपण मातीत घातलं, त्याची अशी दशा बघवत नाही.

म्हणून माझं आताचं ध्येय सरळ आहे. रोज पहाटे झेपतील तेवढे जोर-बैठका, ताट मेहनतीच्या मापात, आणि संध्याकाळी पोरांना पट कसा काढायचा, ढाक कधी मारायची ते दाखवायचं. सत्तराव्या वर्षी हौद्यात उतरून नव्या पोराचा हात धरून डाव समजावता आला पाहिजे.

रिंगण :

धागाकर्तीशी असहमत. मी तायक्वांदो खेळतो, वय २४. पट्टा किंवा पदक हे ध्येय नको असं म्हणणं मला पटत नाही. समोर स्पर्धेची तारीख असली की वजन, झोप, पाय किती वर जातो, सगळ्याचा हिशेब द्यावा लागतो. तारीख नसली की सराव सैल पडतो.

खाशाबा जाधवांचंच बघा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत तयार झालेला मल्ल, गादीवरच्या कुस्तीचे नियम नवे. त्यानंतरची चार वर्षं त्यांनी एकाच गोष्टीचा ध्यास घेतला आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. "तब्येत चांगली राहावी" म्हणून कुणी कुणासाठी घर गहाण टाकत नाही. मोठं काहीतरी ठरवावंच लागतं.

तांबडीमाती :

@रिंगण, गोळेश्वरच्या खाशाबांचं नाव काढलंत, छाती भरून आली. पटलं तुमचं. चोविसाव्या वर्षी पदकच पाहिजे, तेव्हा नाही तर कधी! माझं म्हणणं एवढंच की त्याच वेळी मनात दुसरी एक गाठ मारून ठेवा, पदकानंतर काय करायचं याची. गदा मिळाली त्यालाही चाळिशी येतेच.

सांधेसोबती :

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे कराटे, तायक्वांदो, ज्युदोवाले बरेच येतात. त्यामुळे माझं उत्तर गुडघ्यापासून सुरू होतं. :)

पाऊलवाट, तुम्हाला वीस वर्षं सराव करायचा असेल तर आधी मावाशी गेरी (गोल फिरवून मारायची लाथ) तपासा. लाथ मारणाऱ्या पायाकडे सगळेच बघतात, तुम्ही जमिनीवरच्या पायाकडे बघा. कंबर वळली की त्या पायाची टाच पुढे, समोरच्या माणसाच्या दिशेला फिरली पाहिजे. टाच जागेवर चिकटून राहिली आणि कंबर फिरली, तर तो सगळा पीळ मधल्या गुडघ्यात जातो. मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चा) आणि अस्थिबंध तिथेच जायबंदी होतात. रबरी मॅटवर पाय चिकटतो, त्यामुळे तिथे जास्त सांभाळायचं. आरशापुढे उभं राहून, अगदी सावकाश, लाथ कमरेच्या वर न नेता फक्त टाच फिरवण्याचा सराव करा. पंचविशीत शरीर चुका पोटात घालतं, चाळिशीनंतर घालत नाही.

दुसरं. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि बायकांची हाडं रजोनिवृत्तीनंतर झपाट्यानं ठिसूळ होतात. नुसत्या कात्यानं हे भरून निघत नाही. आठवड्यातून दोनदा वजनं उचला. हा तुमच्या कराटेचाच भाग समजा.

पाऊलवाट :

@सांधेसोबती, हे सोनं आहे. आज क्लासमध्ये टाच बघितली. उजव्या लाथेला नीट फिरते, डाव्या लाथेला अर्ध्यातच थांबते. सरांनाही दाखवलं, पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांकडून हे सावकाश करून घेणार म्हणालेत.

काठीवाला :

कोल्हापूरचाच, पण आमचं मर्दानी खेळांचं पथक. लाठी, फरी-गदका, विटा, भाला, पट्टा (कमरेचा नव्हे, दांडपट्टा). आमच्याकडे ध्येय म्हणजे शिवजयंतीची मिरवणूक असा एक समज पसरलाय. ढोल-ताशाच्या तालावर दहा मिनिटं काठी फिरवायची, टाळ्या घ्यायच्या, पुढच्या वर्षीपर्यंत काठी माळ्यावर. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पट्ट्याचं उदाहरण देतो. त्याच्या मुठीवर लोखंडी खोबळा असतो, कोपराच्या अलीकडपर्यंत हात त्यात बंद. म्हणजे तलवारीसारखं मनगट वळवायला वावच नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो आणि पाय सतत फिरते ठेवावे लागतात. पातं लवचिक, त्यामुळे थांबवायचं म्हटलं तरी ते थांबत नाही, त्याला पुढच्या वारातच वळवावं लागतं. जमिनीवर ठेवलेलं लिंबू कापताना लोक लिंबाकडे बघतात. बघायचं असतं ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं पाऊल. पाऊल चुकलं की पातं स्वतःच्या पोटरीवर येतं.

हे सगळं आमच्या वस्तादांच्या अंगात आहे, कागदावर काही नाही. त्यांचं वय झालंय. म्हणून माझं ध्येय असं : त्यांच्याकडचे सगळे हात (म्हणजे डाव) त्यांच्याच तोंडून समजून घ्यायचे, प्रत्येक हात पायापासून चित्रित करायचा, कोणता वार कशाला उत्तर म्हणून आहे ते लिहून काढायचं. आणि माझ्यामागे किमान दोन जण असे तयार करायचे, ज्यांना मिरवणूक नसतानाही पट्टा हातात घ्यावासा वाटेल. याला दहा वर्षं लागतील, पंधरा लागतील. लागू देत.

चिंचपेटी :

आमच्या धाकट्यानं शिबिरातून आल्या आल्या दिवाणखान्यात लाठी फिरवायला घेतली. ट्यूबलाइट गेली आणि सासूबाईंची तुळशीची कुंडीही गेली. आता त्याचं लांब पल्ल्याचं ध्येय एकच, अंगण असलेलं घर! :D

काठीवाला :

@चिंचपेटी, हाहा! त्याला म्हणावं गच्चीत जा. आणि महिनाभर फक्त एका हातानं समोरचा फेरा, दोन्ही बाजूंनी. डावा हात उजव्याइतका चालायला लागला की मग दोन काठ्या. पोरगं चिकाटीचं दिसतंय, सोडू नका.

निळीशाई :

थोडं वेगळं लिहिते. माझ्या मुलीला एका क्लासमध्ये घातलं होतं, नाव घेत नाही. दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला फी, आणि तीन वर्षांत दहा वर्षांची मुलगी ब्लॅक बेल्ट! घरी तिच्या मनगटाला मामानं गमतीत धरलं तर तिला सोडवून घेता येईना. ती रडली, कारण तिला खरंच वाटत होतं की आपल्याला येतं. मुलांना खोटा आत्मविश्वास देणं हा गुन्हाच वाटतो मला.

माझं ध्येय तिच्यासाठी आहे आणि ते स्वसंरक्षणाचंच आहे. काता, पदकं, परंपरा यांचा आदर आहे, पण मुलीच्या आईला पहिली काळजी वेगळी असते.

दूरदेशी :

@निळीशाई, तुमचा राग अगदी रास्त आहे. मी न्यू जर्सीत ब्राझिलियन जिउ-जित्सू करतो. आमच्याकडे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत मध्ये निळा, जांभळा, तपकिरी एवढेच पट्टे, आणि काळ्याला साधारण दहा वर्षं सहज जातात. निळाच पट्टा सोळाव्या वर्षाच्या आधी मिळत नाही. तरीही निळा मिळाल्यावर सोडून जाणारे ढिगानं असतात. म्हणजे धागाकर्तीचा प्रश्न इथेही तोच.

स्वसंरक्षणाबद्दल माझं ठाम मत आहे. जिथे समोरचा माणूस खरोखर विरोध करतो, तुम्हाला दाबून धरतो, सुटू देत नाही, तिथेच सुटायला शिकता येतं. समोरच्यानं ठरवून हात पुढे करायचा आणि आपण ठरवून तो वळवायचा, यातून आकार शिकता येतो, सुटका नाही. मुलीसाठी क्लास निवडताना फक्त एक तास बसून बघा. जोडीदार विरोध करतायत का? मुलं हरतायत का, आणि हरल्यावर हसत परत उभी राहतायत का? तसं दिसलं तर तो क्लास चांगला, मग कला कुठलीही असो.

आणि त्याच्याही आधी : मोठ्यानं ओरडणं, पळणं, आणि संकोच न करता "नाही" म्हणणं. हे घरीच शिकवा.

रिंगण :

+१. पण "ठरवून हात पुढे करणं" अगदीच टाकाऊ नाही. पहिली दोन वर्षं तसंच शिकतात. ढकलणारा जोडीदार पहिल्याच दिवशी दिला तर नवा माणूस दुसऱ्या दिवशी येणार नाही.

दूरदेशी :

@रिंगण, मान्य. क्रम तुमचाच बरोबर. फक्त तिथेच अडकून राहू नये.

नागोयाकर :

कामानिमित्त जपानात आहे, इथे केंदो (जपानी तलवारबाजी) सुरू केलं. पाऊलवाट, तुमचा प्रश्न वाचून इथली पद्धत सांगावीशी वाटली. केंदोत दान आहेत, पण अंगावर कसलाच पट्टा नाही. दोजोत (सरावाच्या जागेत) शेजारी उभा असलेला माणूस दुसऱ्या दानचा की सहाव्या, हे कपड्यावरून कळत नाही. शिनाई (बांबूची तलवार) एकमेकांना भिडली की मात्र लगेच कळतं.

आणि थांबण्याची वर्षं नियमानंच बांधलेली आहेत. दुसऱ्या दाननंतर तिसऱ्यासाठी दोन वर्षं, मग तीन, चार, पाच, सातव्यासाठी सहा. सातव्यानंतर आठव्यासाठी दहा वर्षं आणि वय किमान ४६. एवढं करून आठव्या दानच्या परीक्षेत पास होणारे साधारण शंभरात एक. साठी-सत्तरीचे लोक पुन्हा पुन्हा बसतात. आमच्या दोजोत असे एक आजोबा आहेत. मी विचारलं, किती वेळा बसलात? ते म्हणाले, मोजायचं सोडलं, पण प्रत्येक वेळी परीक्षकांनी काय बघितलं असेल यावर वर्षभर सराव करतो. त्यांच्याशी लढताना मला अजून एकदाही त्यांच्या डोक्यावरचा वार स्वच्छ लावता आलेला नाही, आणि ते माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे आहेत.

म्हणून @रिंगण आणि पाऊलवाट, दोघांनाही सांगतो : परीक्षा ध्येय असायला हरकत नाही, ती पुरेशी अवघड हवी.

उत्तररात्र :

नागोयाकर, फार सुंदर प्रतिसाद. ज्युदोतून एक भर घालते.

केइको फुकुदा. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांच्या शिष्या. फुकुदांचे आजोबा कानोंचे जुजुत्सूचे गुरू. १९५३ मध्ये त्यांना पाचवा दान मिळाला, आणि सहाव्यासाठी १९७२ उजाडलं, कारण बायकांना पाचव्याच्या वर नेण्याची पद्धतच नव्हती. एकोणीस वर्षं! हुशारी कमी पडली म्हणून नाही, बाई म्हणून. तोवर त्या अमेरिकेत जाऊन शिकवत होत्या, आणि पुढेही नव्वदी ओलांडली तरी शिकवत राहिल्या. २०११ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, अमेरिकन ज्युदो संघटनेनं त्यांना दहावा दान दिला. २०१३ मध्ये त्या गेल्या.

पट्टाच ध्येय असता तर त्या एकोणीस वर्षांत कुणीही सोडून दिलं असतं. मी स्वतः खचले की हे आठवते. आपल्या देशातही केरळातल्या वडकराच्या मीनाक्षी अम्मा आहेत, सातव्या वर्षापासून कलरी, सत्तरी उलटल्यावर २०१७ ला पद्मश्री, तोवर शिकवणं अखंड.

माझं ध्येय? उकेमी. म्हणजे पडणं. साठीनंतर बायका न्हाणीघरात, पायरीवर पडतात आणि खुबा किंवा मनगट मोडून बसतात. माझ्या आईचं तसं झालं. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि हात पुढे टेकायचा मोह सोडून संपूर्ण बाहू जमिनीवर आपटायचा. हे अंगात इतकं मुरायला हवं की विचार करायला वेळ नसतानाही झालं पाहिजे. बाकी डाव विसरले तरी चालेल.

सांधेसोबती :

@उत्तररात्र, टाळ्या! हात पुढे टेकून मोडलेली मनगटं सतत येतात माझ्याकडे. एक भर : वयस्कर व्यक्तीला एकदम उभ्यानं पडायला शिकवू नका. आधी मॅटवर निजून हात आपटणं, मग बसून मागे लोळणं, मग उकिडवं बसून. हाडं ठिसूळ असतील तर तिथेच थांबायचं आणि तोल सांभाळण्यावर भर द्यायचा. ताई-चीनं ज्येष्ठांचं पडणं कमी होतं, असं अनेक अभ्यासांत दिसलंय.

गवतीचहा :

एवढं वाचून मलाच कुठेतरी नाव घालावंसं वाटतंय. वाचनखूण साठवली.

पाऊलवाट :

सगळ्यांचे आभार. रोज रात्री प्रतिसाद वाचतेय आणि वहीत लिहून घेतेय. माझं जे ठरतंय ते मांडते, म्हणजे कुणी खोडून काढायचं तर काढता येईल.

रिंगण आणि नागोयाकर, परीक्षेबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं. दुसऱ्या दानला बसणार, पण दोन वर्षं झाली म्हणून नाही. माझ्यापेक्षा तरुण, विरोध करणाऱ्या जोडीदारासमोर कुमितेत पाय न अडखळता उभी राहीन तेव्हा. काठीवाला, तुमच्या पायाच्या मुद्द्यावरून एक सुचलं. आमच्याकडे तेक्की शोदान हा काता सोपा समजून लोक उरकून टाकतात, कारण त्यात नुसतं आडवं सरकायचं असतं. शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी यांनी तीन तेक्कींवर मिळून दहा वर्षं काढली होती. मी पुढची काही वर्षं हा एकच काता धरणार आणि त्यातली प्रत्येक हालचाल जोडीदारावर लावून बघणार, दूरदेशी म्हणतात तशी, विरोधासकट.

उत्तररात्र, उकेमी शिकायला ज्युदोच्या वर्गात जायचं म्हणतेय. तिथे पांढरा पट्टा बांधून शेवटच्या रांगेत उभं राहायला मला आवडेल. आणि निळीशाई, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी मुलींसाठी फुकट तास सुरू करायला सरांची परवानगी मिळालीय. परीक्षा नाही, पट्टा नाही. पहिल्या दिवशी फक्त ओरडायला शिकवणार आहे.

निळीशाई :

पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. लेकीला घेऊन येते, आणि मामालाही आणते मनगट धरायला.

तांबडीमाती :

ताई, पोरींना बैठका पण घाला सुरुवातीपासून. पायात जोर नसला तर ओरडून पळायचं कशाच्या जिवावर?

शेवगा :

उशिरा आलोय धाग्यावर. वय ५५, रक्तदाबाची गोळी चालू, तरुणपणी एक वर्ष लाठी केली होती. आता परत सुरू करता येईल का? आमच्या गावात कराटे आणि लाठी दोन्ही आहे. ध्येय वगैरे अजून काही नाही, नातू म्हणतो बरोबर चला.

सांधेसोबती :

@शेवगा, येईल. आधी डॉक्टरांना भेटून रक्तदाब आटोक्यात असल्याची खात्री करा आणि काय करणार आहात ते त्यांना स्पष्ट सांगा. सुरुवात लाठीनं करा, एका हाताचा फेरा, खांद्याच्या उंचीपर्यंतच. जोर लावताना श्वास रोखू नका, रक्तदाब तिथेच चढतो. चक्कर, छातीत दडपण किंवा डाव्या हातात कळ आली तर लगेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. सहा आठवड्यांनी इथे येऊन लिहा, मग पुढचं बघू.

काठीवाला :

आणि काठी स्वतःच्या कानाच्या उंचीची घ्या, वेताची. नातवाची वेगळी, त्याच्या उंचीची.